आधी फोन, मग आयडी

प्रिय मित्रा,

बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये तू हॅक, म्हणजे फसवून जिंकवणारं सॉफ्टवेअर, वापरत होतास हे घरी कळलं. आता तुझ्या डोक्यात आयडीच, म्हणजे गेममधलं खातंच, घोळत असेल. ती थोडी बाजूला ठेव. ज्या फोनवर खेळत होतास त्यात आईचं यूपीआय आहे ना? सुरुवात तिथून.

टेलिग्रामवरची ती मॉड एपीके (हॅक घातलेल्या ॲपची फाइल) टाकताना तू काय काय केलंस, आठव. धोकादायक ॲप पकडणारं गूगलचं प्ले प्रोटेक्ट बंद केलंस, बाहेरचं ॲप टाकायला परवानगी दिलीस, ॲक्सेसिबिलिटीलाही 'हो' म्हणालास. ॲक्सेसिबिलिटी मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं, आपल्याऐवजी बटणंही दाबू शकतं. ओटीपी आला तरी त्याला दिसतो. हॅक नीट चालला म्हणून विकणाऱ्याने सोबत दुसरं काही घातलं नसेल, असं धरून चालू नकोस.

त्या फोनचं नेट आत्ता बंद कर. दुसऱ्या फोनवरून गूगलचा पासवर्ड बदल, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू कर. यूपीआयचा पिन फोन साफ झाल्यावरच बदलायचा. एपीके टाकली त्या दिवसापासूनचं बँक स्टेटमेंट आईशेजारी बसून बघ. एक जरी व्यवहार अनोळखी निघाला तर तात्काळ बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा. मग फोनमधले फक्त फोटो दुसरीकडे उतरवून घे आणि फॅक्टरी रीसेट मार, म्हणजे फोन पूर्ण पुसून टाक. नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही, कारण मागे आणखी काय बसलंय ते दिसत नाही. फोटोंबरोबर डाउनलोड फोल्डर उचलू नकोस, तीच एपीके परत येईल. फोन रूट केला असशील, म्हणजे सिस्टीमचं कुलूप तोडलं असशील, तर रीसेटही पुरणार नाही. सर्व्हिस सेंटरमधून मूळ सॉफ्टवेअर टाकून घ्यावं लागेल.

घरी एकदाच, पण सगळं सांग: किती दिवस वापरलं, हॅक चालू करायच्या 'की'साठी (कोडसाठी) किती पैसे गेले, कुणाच्या खात्यातून गेले, लिंक पुढे कुणाकुणाला दिलीस. तुकड्यातुकड्याने बाहेर आलं की प्रत्येक वेळी नवं खोटं पकडल्यासारखं होतं. लिंक दिलेल्या मित्रांनाही आजच फोन कर, त्यांच्याही घरचे पैसे त्याच फोनवर असतील.

आता आयडी. हॅक सापडला की कंपनी खातं कायमचं बंद करते आणि डिव्हाइसवरही बंदी घालू शकते. विकतची आयडी घेऊ नकोस. मूळ मालक रिकव्हरी टाकून ती परत घेतो आणि पैसे बुडतात. पीसीकडे वळून तिथेही हॅक वापरलास, तर स्टीम या गेमच्या दुकानावरचा व्हॅक बॅन (हॅकबद्दलची बंदी) प्रोफाइलवर सगळ्यांना दिसतो. 2018 मध्ये शांघायच्या काउंटर-स्ट्राइक गेमच्या स्पर्धेत भारतीय संघातल्या एका खेळाडूच्या पीसीवर 'वर्ड' नावाने लपवलेला एमबॉट (आपोआप नेम धरणारा हॅक) सापडला. संघ बाद झाला, त्याच्यावर 5 वर्षांची बंदी आली. बाकीच्या चौघांचं काय झालं असेल, याचा विचार कर आणि तुझ्या स्क्वॉडला, म्हणजे सोबत खेळणाऱ्या टीमला, स्वतः सांग. त्यांची रँकही तुझ्या हॅकवरच चढली होती.

पुन्हा खेळायची परवानगी मिळाली तर आधी गेममधल्या सरावाच्या ट्रेनिंग ग्राउंडवर जा. एम416 रायफल घे, भिंतीवर 30 गोळ्यांची मॅगझिन सलग सोड. हॅकमध्ये त्या एकाच भोकात जायच्या. आता बंदूक वर उडेल, कारण अंगठा खाली ओढायची सवय मोडली आहे. आधी 5-5 गोळ्यांचे बर्स्ट मार, छिद्रं हाताच्या पंजात मावायला लागली की 10 कर. रोज वीस मिनिटं पुरे. सुरुवातीला केडी (मारलेले आणि मेलेले यांचं प्रमाण) पडेल, ती पडू दे.