नववी-दहावीच्या वर्गात सेन्सर आणि नोंदी घेणारे सॉफ्टवेअर कसे वापरावे? संच विकत घ्यावा काय?

शाळेला मिळालेल्या निधीतून सेन्सरचा संच घ्यावा काय, आणि घेतल्यास तो वर्गात कसा वापरावा, असे आपण विचारले आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत बरीच वर्षे विज्ञान शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, पहिले सत्र संपेपर्यंत काहीही विकत घेऊ नये. शिक्षकाच्या फोनमध्ये मायक्रोफोन आणि त्वरणमापक असतातच. जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठाने २०१६ मध्ये आणलेले फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप त्यांच्या नोंदी घेऊन आलेख काढते. फोनच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडला की तोच आलेख इंटरनेटशिवाय प्रोजेक्टरवर दिसतो, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या हाती फोन देण्याचा प्रश्नही उरत नाही.

मुक्त पतनापासून सुरुवात करावी. फुग्याला दोऱ्याने लोखंडी नट बांधून तो असा टांगावा की नटापासून जमिनीवरच्या स्टीलच्या ताटापर्यंत बरोबर दीड मीटर अंतर राहील, आणि अ‍ॅपमधले ध्वनी-स्टॉपवॉच सुरू करून फुगा टाचणीने फोडावा. फुग्याच्या आवाजाने घड्याळ सुरू होते, ताटाच्या आवाजाने थांबते आणि उत्तर ०.५५ सेकंदांच्या आसपास येते. हाताने स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदांची चूक सहज होते, म्हणजे एवढ्या छोट्या वेळेसाठी ते निरुपयोगीच ठरते. मात्र आवाजाची उंबरठा-पातळी, म्हणजे किती मोठ्या आवाजाला घड्याळ प्रतिसाद देईल ती मर्यादा, आधी तपासून घ्यावी. माझ्या पहिल्या प्रयत्नात शेजारच्या वर्गातल्या पाढ्यांनीच घड्याळ सुरू केले होते. फुग्याच्या प्रतिध्वनीने ते लगेच थांबू नये म्हणून किमान अवधी ०.३ सेकंद ठेवावा.

तापमानासाठी मात्र वेगळा सेन्सर लागतो. आर्डुइनो (सेन्सरच्या नोंदी संगणकाकडे पाठवणारे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि पाण्यात बुडवता येणारा डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर एवढ्यावर दहावीच्या ‘उष्णता’ या पाठातला बर्फ वितळण्याचा प्रयोग होतो, आणि या विषयात मला सर्वांत मोलाचा वाटलेला तास तोच आहे. सॉफ्टवेअर सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने प्रयोगवहीच्या मागच्या पानावर, आलेख कसा येईल हे पेन्सिलीने काढायचे, असा माझा नियम आहे. बहुतेक जण सरळ चढती रेषा काढतात. रसवंतीतून आणलेला बर्फ फोडून चंचुपात्रात टाकला, थोडे पाणी घातले आणि सतत ढवळत राहिले की पडद्यावरची रेषा शून्य अंशावर येऊन आडवी पडते आणि तशीच राहते. दोन-तीन मिनिटांत मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘‘सर, सेन्सर अडकला.’’ मी काही न बोलता सेन्सर उचलून त्याच मुलाच्या मुठीत देतो. रेषा वर चढते, आणि परत बर्फात घातला की खाली येते. मग ‘‘सेन्सर ठीक आहे, तर उष्णता जाते कुठे?’’ हा प्रश्न मुलेच विचारतात, आणि अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता बर्फ वितळवण्यात खर्च होणारी उष्णता, मला आपणहून सांगावा लागत नाही.

एका वर्षी ढवळण्याचे राहून गेले. वर बर्फ तरंगत असताना तळाला टेकलेला सेन्सर तीन-साडेतीन अंश दाखवू लागला आणि मी वर्गासमोर तारा तपासत बसलो. चूक सेन्सरची नव्हतीच. चार अंशांच्या आसपासचे पाणी सर्वांत जड असल्याने ते तळाशी साचले होते. म्हणजे त्याच पाठातले पाण्याचे असंगत आचरण (चार अंशांखाली थंड होताना आकुंचनाऐवजी प्रसरण पावणे) आणि ते दाखवणारे होपचे उपकरण माझ्या चंचुपात्रात आयतेच मांडले गेले होते. तेव्हापासून मी तो प्रयोग मुद्दाम दोनदा करतो, एकदा ढवळून आणि एकदा न ढवळता.

सेटिंगविषयी थोडे सांगतो, कारण गोंधळ तिथेच होतो. हा सेन्सर पूर्ण सूक्ष्मतेने एक नोंद घ्यायला पाऊण सेकंद घेतो, म्हणून सेकंदाला दहा नोंदी मागण्यात अर्थ नाही. बर्फासाठी दर पाच सेकंदांना एक नोंद पुरते. वीस मिनिटांत २४० बिंदू मिळतात. आलेख मोठा करून पाहिल्यास रेषेला पायऱ्या दिसतील, त्या ०.०६२५ अंशांच्या असतात आणि त्याहून बारीक फरक हा सेन्सर दाखवूच शकत नाही. पडद्यावर उणे १२७ आले तर तार सुटली आहे किंवा सेन्सरच्या डेटाच्या व विद्युतपुरवठ्याच्या तारांमध्ये ४.७ किलोओहमचा रोध लावायचा राहिला आहे, असे समजावे. सुरुवातीलाच ८५ दिसले तर पहिले मापन पूर्ण व्हायच्या आधीच वाचन झाले आहे. ती नोंद सोडून द्यावी.

एवढे जमल्यावर निधी खर्च करायचा असेल, तर दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने विकसित केलेले एक्सपआईज हे उपकरण आधी पाहावे. त्याचे सॉफ्टवेअर खुले आहे, आणि वीज व ध्वनीचे प्रयोग त्यावर उत्तम होतात. चकचकीत पेटीतले महागडे संच मला फारसे पटत नाहीत, कारण त्यांतला एक सेन्सर बिघडला की पूर्ण पेटी कपाटात जाऊन बसते.

बोर्डाच्या परीक्षेत आलेख हातानेच काढावा लागतो, हेही विसरून चालणार नाही. म्हणून त्या २४० नोंदींतून कोणत्याही बारा निवडायला सांगून, प्रमाण स्वतः ठरवून, मी तोच आलेख आलेखकागदावर काढून घेतो. ज्यांच्या बाराही नोंदी आडव्या भागातल्याच निघतात, त्यांना पुन्हा निवडाव्या लागतात.