खाणीतलं पाणी मोजायची नोकरी: लेकीला जाऊ द्यावं का?

ताई नमस्कार, तुमचं ऐरोलीहून आलेलं पत्र वाचलं. लेक सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला मायनिंग कंपनीत वॉटर मॅनेजमेंटमध्ये जायचंय, तिचे बाबा म्हणतात हे सस्टेनेबिलिटी वगैरे नुसतं रिपोर्टात छापायला असतं, आणि तुम्हाला काळजी की मुलीला खाणीत घेतात तरी का.

बाबांचं निम्मं बरोबर आहे हो. माझा एक जुना विद्यार्थी एका खाणीवर लागला, पहिल्याच आठवड्यात त्याने लॉगबुक उघडलं तर पंपाच्या फ्लो मीटरचं रीडिंग रोज सेम टू सेम, जाऊन बघितलं तर मीटरच्या काचेवर चिखल आणि काटा केव्हाचा अडकलेला! पण आता शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबाबतच्या जबाबदारीचा वार्षिक रिपोर्ट, कंपल्सरी केलंय, त्यात पाणी कुठून किती घेतलं, किती वापरलं, किती सोडलं ते आकड्यात द्यावं लागतं, मग तो काटा कोणीतरी सोडवायलाच लागतो ना, तीच ही नोकरी.

लोकांना वाटतं खाणीला पाणी कमी पडत असेल. आपल्या कोळसा खाणींत बऱ्याचदा उलटं असतं, भूजलाच्या पातळीखाली खणलं की पाणी झिरपत राहतं, पावसाळ्यात तर विचारूच नका, ते सतत उपसावं लागतं आणि उपसलं की आजूबाजूच्या गावांच्या विहिरी खाली जाऊ शकतात. म्हणून पीझोमीटर, म्हणजे भूजलाची पातळी मोजायची नळी, लावून पातळी बघत राहायची. नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सने असलंच पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरलं. चिलीच्या वाळवंटात वेगळाच प्रकार, एस्कोन्दिदा ही तांब्याची खाण समुद्राचं पाणी गोडं करून ३००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर चढवते. जमिनीखालचं पाणी वाचतं, पण पंपांना वीज केवढी लागत असेल बघा, म्हणजे एक शब्द पाळताना दुसरीकडे खर्च वाढतोच.

आणि लेकीला सांगा, सॉइल मेकॅनिक्स, म्हणजे माती भार कसा पेलते तो विषय, कंटाळवाणा म्हणून ऑप्शनला टाकू नकोस. २०१९ मध्ये ब्राझीलच्या ब्रुमादिन्योत खाणीच्या गाळाचं, म्हणजे टेलिंग्जचं, धरण फुटलं आणि २७० माणसं गेली. गाळात मुरलेलं पाणी निघत नव्हतं हे त्यातलं मोठं कारण. त्यानंतर २०२० मध्ये टेलिंग्जसाठी जागतिक स्टँडर्ड आलं, आणि ते पाळायला सिव्हिलवालेच लागतात.

मुलींचं म्हणाल तर २०१९ मध्येच जमिनीखालच्या खाणीतही टेक्निकल आणि सुपरवायझरी कामाला परवानगी मिळाली, तेव्हा सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत. पण चंद्रपूर किंवा झारखंडला राहायची तयारी हवी, घणसोलीच्या एसी ऑफिसात बसून हे शिकता येत नाही, निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी साइटच. मी तर म्हणतो सुरुवातीलाच ऑफिसात बसून ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार) रिपोर्ट लिहायची नोकरी मिळाली तरी घेऊ नका.

पुढे एमटेक करायचं तर गेटमध्ये सिव्हिलबरोबर एन्व्हायर्नमेंटचा पेपर आहे, पवईची आयआयटी घराजवळच, धनबादही बघा.

या सुट्टीत मात्र एक करा. कोपरखैरण्याला पालिका सांडपाणी शुद्ध करून कंपन्यांना देते, तो प्लांट बघायची कॉलेजमार्फत परवानगी मागा. तिथे पाणी आत किती, बाहेर किती आणि मधलं गेलं कुठे एवढं तिला एका पानावर मांडायला सांगा. ते पान मला पाठवा, मग बाबांना घेऊन तिघं ठाण्याला या.