मंगळवारची ती धाव

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मंगळवारी आठशे मीटरचे सहा इंटरव्हल, म्हणजे मध्ये थोडा दम घेत जोरात पळायचे तुकडे, ठरले होते, अंगात त्राण नव्हतं म्हणून तू वेताळ टेकडीवर गेलीस. पन्नास मिनिटं पाय नेतील तिकडे पळलीस, मोर दिसला म्हणून थांबलीस, आणि घरी आल्यावर वहीत काय लिहावं ते सुचेना. ‘सलग जोरकस टेम्पो रन नाही, लाँग रन नाही, धड रिकव्हरीही नाही. बाई, दिवस वाया गेला का?’

नाही गेला. पण एवढं सांगून मी पत्र संपवणार नाही, कारण प्रत्येक धावेला हेतू हवाच, असं तुझ्या ग्रुपमधले लोक म्हणतात त्यातही तथ्य आहे. अमेरिकेतले मोठे प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांचा आग्रहच असे, की आजच्या सरावाचा हेतू काय, याचं उत्तर धावपटूला देता आलं पाहिजे. हा प्रश्न मला मनापासून पटतो. तो विचारला नाही की माणूस वर्षानुवर्षं तेच पाच किलोमीटर त्याच वेगात पळत राहतो. तुला साताऱ्याची हाफ मॅरेथॉन पळायची आहे. तिच्यातला यवतेश्वरचा घाट सपाट रस्त्यावर पळून जमत नाही. आणि चढ जमला तरी उताराचा सराव राहूनच जातो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, त्यामुळे सवय नसेल तर शेवटच्या टप्प्यात पाय दगडासारखे होतात. हे सगळं ठरवूनच करावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच, की हेतू महिन्याला असावा, आठवड्याला असावा. रोजच्या प्रत्येक धावेच्या कपाळावर तो चिकटवायची गरज नाही. शरीराला तुझी वही वाचता येत नाही. सोबतिणीशी गप्पा मारता येतील अशा वेगात तू पन्नास मिनिटं पळालीस, तर स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया त्यातून आपलं काम करून घेतात, मग तू त्या धावेला नाव दिलेलं असो वा नसो.

हे मला फार महागात शिकावं लागलं. २००४ साली मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पूर्ण ४२ किलोमीटर पळायचंच, असं मी ठरवलं. भिंतीवर तक्ता लावला. सातही दिवसांना नावं दिली, एकही दिवस मोकळा सोडला नाही. हलकं पळायच्या दिवशीसुद्धा मनात यायचं, नुसतं पळून काय होणार, निदान दोन चढ तरी घेऊ. दिवाळीनंतर नडगी दुखायला लागली. मी तिच्यावर बर्फ लावून तक्ता पाळत राहिले. शेवटी हाडाला बारीक तडा निघाला, पळणं बंद झालं आणि ती शर्यत मी घरी बसून टीव्हीवर पाहिली.

त्या सक्तीच्या विश्रांतीत एक गोष्ट कळली. ज्या धावेला हेतू असतो ती धाव पुरावा मागते, आणि आपल्याकडे पुरावा म्हणजे घड्याळातला आकडा. तो थोडा चांगला यावा म्हणून आपण थोडं जोरात पळतो. असं रोज झालं की हलका दिवस हलका राहत नाही. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. हाडं आणि स्नायूबंध महिने घेतात. त्यांना तो हलका दिवस खरोखरच हवा असतो.

फार्टलेक तू तक्त्यात बघितलं असशील: दोन मिनिटं जोरात, एक मिनिट हळू. पण स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ आहे वेगाचा खेळ. १९३० च्या दशकात गोस्टा होल्मर नावाच्या स्वीडिश प्रशिक्षकाने ही पद्धत आणली. जंगलातल्या वाटांवर पळायचं, वाटलं तर समोरच्या झाडापर्यंत वेग वाढवायचा, वाटलं तर सोडून द्यायचा. मिनिटांचा हिशेब त्यात आपण नंतर घातला. स्वीडनचाच गुंडर हेग जंगलातल्या वाटांवर असाच पळून तयार झाला आणि १९४५ मध्ये त्याने एक मैल ४ मिनिटं १.४ सेकंदांत पार केला. तो विक्रम १९५४ पर्यंत टिकला.

आणि आपला अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या या मुलाला शाळेत जायला वाहन नव्हतं; सहा किलोमीटर तो चालत-पळत जायचा. त्या पळण्याला हेतू होता, पण तो घंटा व्हायच्या आत पोचण्याचा. नुसत्या त्या पळण्याने कुणी साबळे होत नाही, हेही खरं. पुढे सैन्यात शिस्तीचा सराव झाला, तेव्हा २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या तीन हजार मीटर शर्यतीचं, रौप्य आलं, आणि सोनं ०.०५ सेकंदाने हुकलं. तरी त्या सरावाखालचा पाया शाळेच्या वाटेवर घातला गेला, असं मला वाटतं.

आता एक काळजीची गोष्ट. अशी बिनहेतूची धाव खरोखर हलकी होती ना, हे मात्र स्वतःला खरं सांग. टेकडीवर पुढे कुणी दिसलं म्हणून त्याला गाठायला गेलीस, धाप लागली, तर ती ना इंटरव्हल ना आराम. दुसऱ्या दिवशीचे पाय मात्र ती घेऊन जाते. आणि असे मंगळवार लागोपाठ तीन आले, तर मोराचं कौतुक बाजूला ठेव. झोप किती होते ते बघ. हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासून घे. आपल्याकडे मुलींमध्ये लोह कमी असणं फार आढळतं, आणि दमणूक ही बऱ्याचदा त्याची पहिली खूण असते. दोन्ही ठीक निघालं, तर इंटरव्हलची भीती बसली आहे का, ते मला मोकळेपणाने लिही. त्यावरही उपाय आहे. सहाऐवजी तीनच घ्यायचे.

वहीत मागाहून ‘मानसिक ताजेपणासाठी धाव’ असलं काही लिहू नकोस. टेकडी, पन्नास मिनिटं, मोर. एवढंच लिही. चुकलेले इंटरव्हल गुरुवारी भरून काढायला जाऊ नकोस, गुरुवारी जे ठरलं आहे तेच कर.

गणपतीत घरी येशील तेव्हा एका सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊ. ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत पळू, पुढे बोलत बोलत चढू. घड्याळ आईपाशी ठेवून ये.

तुझ्या,
बाई