कवठाची चटणी मिक्सरमधून काढली की कडवट-तुरट का लागते? माझ्या कवठाचा गर पांढुरका होता. घरी नीट कशी करायची?

मिक्सरचं चुकतंच, पण त्याआधी कवठाचं चुकलेलं असू शकतं. तुम्ही म्हणता गर पांढुरका होता, म्हणजे फळ कच्चं होतं. त्यात कितीही गूळ घाला, जीभ आकसणारच. पिकलेल्या कवठाचा गर तपकिरी आणि ओलसर असतो.

शिवरात्रीच्या आधी मंडईत ढीग लागतात तेव्हा देठाशी नाक लावून बघा, आंबूसगोड वास यायला हवा. कानाशी हलवून आतला गोळा सुटल्यासारखा वाटला तर उत्तम. माझी आई अजून गुडघ्याइतक्या उंचीवरून फरशीवर टाकून बघते. टणकन उसळलं तर कच्चं, धप्पकन बसलं तर पिकलं. भाजीवाला डोळे वटारतो, ती लक्ष देत नाही. कच्चं वाटलं तर न फोडता चार-आठ दिवस उन्हात ठेवा.

आता चटणी. कवठ बत्त्याने फोडायचं, ओट्यावर नाही, खाली जमिनीवर. (आमच्या ओट्याला एक टवका गेलाय.) चमच्याने गर खरवडा आणि त्यातल्या जाड शिरा काढून टाका. मध्यम कवठाचा साधारण वाटीभर गर निघतो. त्याला पाऊण वाटी चिरलेला गूळ, फार आंबट असेल तर वाटीभर. अर्धा-पाऊण चमचा लाल तिखट, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ. हे सगळं हातानेच कुस्करायचं. मिक्सरमध्ये बिया भरडल्या जातात, तुमचा कडवटपणा तिथून आला. बिया अख्ख्या राहिल्या तर दाताखाली कुरकुरतात आणि छान लागतात. नकोच असतील तर गर जाड चाळणीवर घासून घ्या.

कालवल्यावर चटणी कोरडी वाटली तरी पाणी घालू नका. अर्ध्या तासात गुळाला पाणी सुटतं आणि ती आपोआप सैल होते. घाईने पाणी घातलंत तर सार होईल. शिजवायचीही गरज नाही. काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, चार-पाच दिवस सहज राहते.

आणि उपासाला करणार असाल तर हिंग नको. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. हे मला लग्नानंतरच्या पहिल्या शिवरात्रीला कळलं, सासूबाईंच्या पानात चटणी वाढून झाल्यावर.