“घर विकून मोकळी होऊ का?”

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर समुपदेशनाला आलेल्या अनेक बायकांचा प्रश्न एकच असायचा: नवरा गेला, हप्ते थकलेत, घर लगेच विकून टाकू का? त्यांतल्या एका ताईंची ही हकीकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

२०२१ चा ऑगस्ट, कोल्हापूर. ताई चौतिशीच्या. नवरा शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कामाला. मे महिन्यात गेला. घरात नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. फ्लॅट नागाळा पार्कच्या सखल बाजूला, पहिल्या मजल्यावर. जुलैच्या अखेरीस राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले, तेव्हा पार्किंग पाण्यात होतं. पाणी उतरतंय तोवर दिरांनी गिऱ्हाईक आणलं. रोख पैसे, आठवड्यात संचकारपत्र (विक्रीचा करार) आणि भाव पुराआधीपेक्षा बराच खाली. “वहिनी, बँक कुलूप लावायच्या आत मोकळं व्हा,” एवढंच ते सांगत होते.

विकायचंय का म्हटलं की ताई लगेच “होय” म्हणायच्या. विकून राहणार कुठं, यावर मात्र गप्प. निर्णय झालेल्या माणसाकडे या दुसऱ्या प्रश्नाचं काहीतरी उत्तर असतं. म्हणून विक्रीचा विषय बाजूला ठेवून विचारलं, “महिनाभर थांबलात तर नेमकं काय होईल असं वाटतं?” त्या म्हणाल्या, “बँकेची माणसं येऊन सामान बाहेर टाकतील.”

ही भीती आम्ही कॅलेंडर समोर ठेवून तपासली. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला तर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. त्यानंतर बँकेला ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यापुढे ताब्याची कारवाई. ताईंचा पहिला हप्ता जूनच्या पाच तारखेला चुकला होता. म्हणजे उद्या कुणी कुलूप लावणार नव्हतं. पण सप्टेंबर उजाडायच्या आत बँकेत जाणं भाग होतं. घाई होती ती बँकेत अर्ज देण्याची. रिझर्व्ह बँकेच्या मे २०२१ च्या योजनेत, ३१ मार्चला नियमित असलेल्या वैयक्तिक कर्जदारांना ३० सप्टेंबरपर्यंत कर्जाची फेररचना, म्हणजे हप्ते आणि मुदत नव्यानं ठरवून, मागता येत होती. अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची, सोबत मृत्यूचा दाखला आणि आताच्या उत्पन्नाचा कागद जोडायचा. तोंडी “साहेब, जरा थांबा” म्हणून आलेल्यांची नोंद कुठेच राहत नाही.

विक्रीतली खरी अडचण दिरांच्या ध्यानातच नव्हती. फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर, त्याच्या कमाईचा, मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायद्यानं बायको, दोन्ही मुलं आणि आई असे चार समान हिस्से होतात. ताई कर्जात सहकर्जदार होत्या, पण कर्जावर सही केली म्हणून मालकी येत नाही. सोसायटीत त्या नॉमिनी होत्या, त्यानंही येत नाही. वकिलांनीही हेच सांगितलं: अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलांचा हिस्सा विकायला आधी जिल्हा न्यायालयाची परवानगी हवी. ती न घेता केलेला व्यवहार मुलं सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतात. गृहकर्ज काढून घर घेणाऱ्याची बँक अशा कागदांवर पैसे सोडत नाही, म्हणून असल्या घराला रोखीवालाच भेटतो आणि तो भाव पाडतो. आठवड्यात संचकारपत्र करून ताईंनी इसार (आगाऊ रक्कम) घेतला असता आणि परवानगी लांबली असती, तर खर्च झालेला इसार परत करायची वेळ आली असती.

मग पैशांचे कागद. नवऱ्याच्या पासबुकात मे २०२० मध्ये ३३० रुपये वजा झाले होते. ही पंतप्रधान जीवन ज्योती विम्याची वर्गणी; त्याचं वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणजे मृत्यू मुदतीत बसत होता आणि २ लाख मिळणार होते. पीएफ कापला जात असल्यानं ईडीएलआय, म्हणजे पीएफसोबत मिळणाऱ्या आयुर्विम्याचा दावाही होता. त्याची कमाल मर्यादा त्याच एप्रिलमध्ये ७ लाख झाली होती. त्याचा अर्ज ५ आयएफ नमुन्यात, शक्यतो कंपनीच्या सहीनं जातो. शिवाय विधवेचं आणि मुलांचं पेन्शन. कर्ज देताना कर्जाच्या विम्याचा एकरकमी हप्ता कापलाय का, हे कर्जखात्याच्या पहिल्या महिन्याच्या उताऱ्यात दिसतं. ताईंच्या खात्यात ती नोंद नव्हती. विम्याचे पैसे आले की सगळे कर्जात भरू नका, सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला काढा, असं आम्ही आग्रहानं सांगितलं.

दिरांनाही बोलावलं. त्यांची नियत वाईट नव्हती. ते कर्जाला जामीनदार होते, हे ताईंना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या घाईमागे ती धास्ती होती. फेररचनेच्या अर्जाची पोच पाहिल्यावर त्यांनी गिऱ्हाइकाला स्वतःच फोन करून नाही म्हणून सांगितलं.

सासूबाईंशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. “माझा पोरगा या घरातनं गेलाय, मी सही करायची न्हाई,” असं त्या म्हणायच्या, आणि ताईंना तो अडवणुकीचा सूर वाटायचा. आई म्हणून त्यांचा चौथा हिस्सा होता, पण बोलणं हिश्शाचं नव्हतंच. दोघींना एकत्र बसवलं तेव्हा कळलं, नवऱ्याच्या खोलीचं दार तीन महिने कुणीच उघडलेलं नाही. ती खोली आवरायचं काम आधी ठरवलं: दोघींनी मिळून, रोज थोडं थोडं, काय ठेवायचं ते सासूबाईंनी सांगायचं. दिवाळीपर्यंत विक्रीचा विषय कुणी काढायचा नाही, हेही ठरलं आणि दिरांनी ते पाळलं.

पुढच्या वर्षी ताईंनी फ्लॅट विकलाच. या वेळी सासूबाईंची सही होती आणि न्यायालयाची परवानगीही. मुलांच्या हिश्शाची रक्कम न्यायालयाच्या आदेशानं राष्ट्रीयीकृत बँकेत, ती सज्ञान होईपर्यंतच्या ठेवीत गेली. घेणाऱ्यानं गृहकर्ज काढलं होतं, त्यामुळे सगळा पैसा चेकनं आला. उरलेलं कर्ज फेडून ताईंनी कळंब्याकडे, पूररेषा तपासून, दोन खोल्यांचं घर घेतलं. करारावर नाव स्वतःचं आणि सासूबाईंचं.