कृषी सल्ला : ‘बजेट नाही’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : ठिबक बसवून, मोका तपासणी (शेतात येऊन संचाची पाहणी) होऊन सहा महिने झाले. कार्यालयात गेलं की ‘बजेट नाही’ एवढंच ऐकायला मिळतं. मार्चमध्ये तर कृषी खात्याला हजारो कोटी दिल्याची बातमी होती. शेजाऱ्याचं अनुदान आलंसुद्धा. मग आमचा पैसा गेला कुठे? आमदारांकडे जावं का?

उत्तर : जरूर जा, पण कधी जायचं आणि काय मागायचं ते आधी समजून घ्या. या महिन्यात असेच चार-पाच प्रश्न आले, म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

‘बजेट नाही’ हे शब्द आमच्या कृषी कार्यालयात दिवसातून दहादा उच्चारले जातात आणि त्यांचे तीन वेगळे अर्थ असतात. एक, अर्थसंकल्पात तरतूदच झालेली नाही. दोन, तरतूद आहे, पण वित्त विभागाने निधी सोडलेला नाही. तीन, निधी आला, पण तुमच्या लेखाशीर्षात, म्हणजे हिशेबातल्या खर्चाच्या ठरावीक कप्प्यात, शिल्लक उरली नाही. तिन्हींवरचा इलाज वेगळा. म्हणून पुढच्या खेपेला ‘साहेब, यातलं नेमकं कोणतं?’ असं विचारा. समोरच्याने कपाळाला आठ्या घातल्या तरी विचारा.

तरतुदीचं काम मार्चमध्ये नव्हे, आधीच्या पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होतं. तालुक्याची मागणी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे, तिथून विभागीय सहसंचालकांकडे, मग पुण्याच्या कृषी आयुक्तालयात आणि शेवटी मंत्रालयात जाते. कृषी विभाग मागतो ते सगळं वित्त विभाग देत नाही. खरी काटछाट इथेच होते. मागच्या वर्षी किती खर्च झाला, किती परत गेला, हे पाहून आकडा ठरतो. एखाद्या योजनेत पैसे पडून राहिले, तर पुढच्या वर्षी तिचा आकडा आक्रसायला तेवढं कारण पुरतं.

मार्चमध्ये अर्थमंत्री विधानसभेत भाषण वाचतात, विधान परिषदेत तेच अर्थ राज्यमंत्री वाचतात. त्या भाषणाच्या जोरावर मात्र एक रुपयाही खर्च करता येत नाही. राज्यघटनेच्या कलम २०३ प्रमाणे प्रत्येक विभागाचा खर्च ‘अनुदानाची मागणी’ म्हणून विधानसभेपुढे ठेवावा लागतो आणि त्यावर मतदान होतं. आपल्या राज्यात कृषी विभागाच्या मागण्यांना ‘डी’ हे अक्षर आहे. डी-३ ही कृषी सेवांची मागणी आणि तिच्यातलं २४०१, म्हणजे पीक संवर्धन, हे आमचं रोजचं लेखाशीर्ष. कोणत्याही शासन निर्णयाच्या शेवटाकडे ‘हा खर्च मागणी क्रमांक अमुक, लेखाशीर्ष तमुक’ अशी ओळ असते. लोक ती वाचत नाहीत. तुम्ही वाचा, पैसा कोणत्या कप्प्यातला आहे ते तिथेच कळतं.

आता आमदारांचं. मागणी मंजूर करणं, नाकारणं किंवा तिची रक्कम कमी करणं एवढंच विधानसभेच्या हातात आहे. मतदानाने ती वाढवता येत नाही. ‘आमच्या आमदारांनी सभागृहात ठिबकचा निधी वाढवून घ्यावा’ असं निवेदन मला दर वर्षी दिसतं. ते घटनेतच बसत नाही. आमदार करतात काय, तर कपात सूचना देतात. शंभर रुपये कमी करा, अशी ती नाममात्र सूचना असते. तिचा हेतू पैसे कापण्याचा नसतो. मंत्र्यांना त्या विषयावर उत्तर द्यायला लावण्याचा असतो. वेळ संपत आली की चर्चा न झालेल्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. मग विनियोजन विधेयक येतं आणि तिजोरीतून पैसा काढायला कायद्याची परवानगी मिळते. विधान परिषदेला मागण्यांवर मतदान करता येत नाही आणि हे विधेयक ती १४ दिवसांपेक्षा जास्त अडवू शकत नाही. तेव्हा निवेदन द्यायचं ते विधानसभेच्या आमदारांकडे द्या.

घोषणा आणि पैसा यांतलं अंतर किती असतं, ते ‘नमो शेतकरी’च्या उदाहरणावरून पाहा. योजना जाहीर झाली ९ मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात, पहिल्या हप्त्याचा शुभारंभ झाला २६ ऑक्टोबर २०२३ ला, शिर्डीत. सरळ खात्यात पैसे टाकायची योजना असूनही साडेसात महिने. ठिबकमध्ये तर अर्ज, पूर्वसंमती, बिल, मोका तपासणी अशा पायऱ्या आहेत. निवडणुकीच्या वर्षाची तऱ्हा आणखी वेगळी. २०२४ मध्ये फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प मांडून लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चापुरती मंजुरी, घेतलं आणि पूर्ण अर्थसंकल्प आला २८ जूनला, पेरण्यांच्या धामधुमीत.

त्याच अर्थसंकल्पात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली. तो पैसा ऊर्जा विभागाचा. कर्जमाफी सहकार विभागाची, अतिवृष्टीची मदत महसूलकडची. टीव्हीवर ‘शेतीसाठी इतके कोटी’ म्हणून सांगतात, त्यात हे सगळं मिसळलेलं असू शकतं. ठिबकला त्यातले किती, हे त्या आकड्यावरून कुणालाच कळायचं नाही.

शेजाऱ्याचं आधी का आलं? मधे कुणी खाल्लं असा संशय घेण्याआधी एवढं लक्षात घ्या, की ठिबकचं अनुदान एका खिशातून येत नाही. मूळ अनुदान अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के. त्यात केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६० : ४०. त्यावर राज्य आपल्या योजनेतून २५ किंवा ३० टक्के पूरक देतं, म्हणून एकूण ८० किंवा ७५ टक्के होतात. दिल्लीहून आलेला पैसासुद्धा राज्याच्या अर्थसंकल्पात तरतूद असल्याशिवाय खर्च करता येत नाही. शिवाय सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांच्यासाठी लेखाशीर्षं वेगळी. एकात पैसे असतात, दुसऱ्यात नसतात, आणि आम्ही आमच्या मर्जीने इकडचे तिकडे करू शकत नाही. काही जणांना मूळ रक्कम मिळून पूरक अनुदान मागाहून येतं, तेही यामुळेच. बीम्स या सरकारच्या निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर रक्कम दिसेपर्यंत कोषागारात बिल लावता येत नाही. मार्चअखेरीस दिसली, तर आमची रात्र कार्यालयातच जाते, ते सोडा.

आमदारांकडे जायची खरी वेळ सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे अंदाज तयार होत असताना. ती हुकली तर पावसाळी किंवा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी, कारण तिथे पुरवणी मागण्या येतात आणि कमी पडलेला निधी त्यातून मिळू शकतो. निवेदनात नुसतं ‘अनुदान मिळावे’ लिहू नका. तालुक्यात मोका तपासणी झालेली किती प्रकरणं प्रलंबित आहेत, त्यांची रक्कम किती आणि लेखाशीर्ष कोणतं, हे तीन आकडे घाला. ते आमच्याकडून मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. अवजारं, शेततळी अशी कामं जिल्हा वार्षिक योजनेत बसत असतील तर त्यांचा पाठपुरावा पालकमंत्र्यांच्या बैठकीआधी करा, आणि जिल्हा परिषदेच्या सेस फंडाची, म्हणजे तिच्या स्वतःच्या निधीची, चौकशी पंचायत समितीत.

ज्यांचा अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे, त्यांनी पूर्वसंमती हातात आल्याशिवाय संच विकत घेऊ नये, दुकानदार काहीही सांगो. प्रश्न विचारणाऱ्यांनी महाडीबीटी या अनुदानाच्या पोर्टलवरचा अर्ज क्रमांक आणि बँक खातं आधारशी जोडल्याचा पुरावा घेऊन सोमवारी यावं. तुमचं प्रकरण वरच्या तीन अर्थांपैकी कशात अडकलंय, ते समोर बसून पाहू.