बडोद्यात छोटा प्लॉट घ्यायचाय, 12 लाखांचा, वकील आणि दस्तावेजाचा खर्च किती येईल?

आम्ही दांडिया बाजारवाले, आणि मागच्याच वर्षी वाघोडिया रोडकडे वहिनीच्या नावावर प्लॉट घेतला, म्हणून सांगतो.

सरकारी खर्चाचा हिशोब सरळ आहे. गुजरातमध्ये स्टॅम्प ड्यूटी 4.9 टक्के आणि रजिस्ट्रेशन फी 1 टक्का, म्हणजे 12 लाखांवर 58,800 अधिक 12,000. पण जंत्रीच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दराने किंमत जास्त निघत असेल तर ड्यूटी त्या आकड्यावर लागते, आणि जंत्री 2023 च्या एप्रिलात दुप्पट झालीय, त्यामुळे आधी जंत्री बघून घ्या. दस्तावेज फक्त बाईच्या नावावर केला तर तो 1 टक्का माफ, नवऱ्याचं नाव सोबत घातलं की माफी गेली.

आता वकील. लोक म्हणतात एवढासा तुकडा, त्याला कशाला मोठा वकील, आणि विकणाराच सांगतो की आमचा वकील आहे ना, सगळं करून देईल. हे अजिबात ऐकू नका. प्लॉट छोटा असला तरी जमिनीचा इतिहास छोटा नसतो, मूळ सर्व्हे नंबरचे निदान 30 वर्षांचे कागद बघावेच लागतात, सात-बार, नमुना 6 च्या म्हणजे फेरफाराच्या नोंदी, वारसाई झाली असेल तर बहिणींनी हक्क सोडलाय का, जमीन नवी शरत (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) की जुनी शरत, आणि एनए चा म्हणजे बिगरशेतीचा हुकूम खरंच आहे का. शेवटचं तर पहिलं विचारा, कारण तुम्ही शेतकरी खातेदार नसाल तर इथे शेतजमीन तुमच्या नावावर होतच नाही, मग दलाल कितीही म्हणो की एनए होणारच आहे. स्वतःचा वकील करा, टायटल क्लिअर सर्टिफिकेट त्याच्याकडून लेखी घ्या आणि पेपरात जाहीर नोटीस द्यायला लावा. सर्च, नोटीस, ड्राफ्टिंग सगळं धरून फी आधीच ठरवा, नाहीतर शेवटी ऑफिस खर्च म्हणून काहीतरी वेगळंच मागतात.

बानाखताच्या म्हणजे विक्रीच्या कराराच्या वेळी पैसे चेकने किंवा बँकेतूनच द्या, जमिनीच्या व्यवहारात 20,000 किंवा जास्त रोख घेता येत नाही. आणि दस्तावेज झाला की सुटलो समजू नका हं, तलाठ्याकडे तुमच्या नावाची फेरफार नोंद पडते, जमीन महसूल कायद्याच्या कलम 135-ड ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी 30 दिवस जातात, ती नोंद मंजूर झालेली बघितल्याशिवाय वकिलाची उरलेली फी देऊ नका.